बिरप्पाची केसाळ गिऱ्हाइकं

बिरप्पा सरगर सोलापुरात राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक घोंगडं आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली लोखंडी कातर एवढंच सामान होतं. वय चौसष्ट. सांगोल्याच्या बाजूला त्याची वाडी. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. डाव्या गुडघ्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं. मेंढरामागं न चालता मेंढरं राखायची विद्या अजून कुणाला सापडलेली नाही, म्हणून त्यानं कळप धाकट्या भावाच्या, निंगप्पाच्या, हवाली केला आणि जुळे सोलापूर या नव्या वस्तीत मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी येऊन बसला. बायको गोजाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. वाडीत आता त्याच्यासाठी भाकरी थापायला निंगप्पाची बायको होती, नाही असं नाही, पण खाटेवर बसून भावाला राबताना बघणं त्याला जमलं नसतं.

पेटीतली कातर बघून मुलानं, कुमारनं, विचारलं होतं, "आबा, हिचं हितं काय काम?"

"असू दे," एवढंच म्हणून बिरप्पानं ती पलंगाखाली सारली.

त्या कातरीला वाडीत मान होता. दिवाळीनंतर लोकर कातरायची वेळ आली, की आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून सरगर भावांना बोलावणं यायचं. बिरप्पा दिवसाला तीस-पस्तीस मेंढरं हातावेगळी करायचा आणि एकाच्याही कातडीला ओरखडा नसायचा. निंगप्पा त्याच्यापेक्षा जलद होता, पण मेंढरू उठून उभं राहिलं की लोकर कुठं खोल, कुठं वर राहून अंगावर पायऱ्या पडलेल्या दिसायच्या. यावरून दोघा भावांत चाळीस वर्षं वाद चालू होता.

असे हात शहरात रिकामे पडले. दोन महिन्यांत बिरप्पाची अवस्था अशी झाली, की दारातल्या पायपुसण्याचे धागे वाढलेले दिसले तरी त्याची बोटं शिवशिवायची. कुमार सूतगिरणीत सुपरवायझर, त्याची बायको ऋतुजा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दोघं सकाळी बाहेर पडली की बिरप्पा गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजायचा.

समोरच्या दारात काशम्मा राहायची. अक्कलकोटकडची, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि रागावली की सगळंच कानडी. रोज संध्याकाळी ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि तिच्या मांडीवर एक पांढरं-तांबूस, मऊ केसांचं खेळणं असायचं. काळ्या मण्यांसारखे दोन डोळे, बटणासारखं चपटं नाक, डोक्यावर केसांची शेंडी आणि शेंडीला लाल रिबीन. काशम्मा त्याला थोपटायची, त्याच्याशी बोलायची. बिरप्पाला वाईट वाटायचं. आठ दिवस बघून त्यानं ऋतुजाला हळूच विचारलं, की समोरच्या अक्कांच्या घरचं कुणी येतं-जातं का? एवढी शिकलीसवरलेली बाई बाहुली घेऊन बसती, तिला एकदा कुणाला तरी दाखवायला पायजे.

ऋतुजाला तो कशाबद्दल बोलतोय ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती हातातलं लाटणं खाली ठेवून ओट्याला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. का हसली ते मात्र तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बिरप्पा मुद्दाम जवळ जाऊन, वाकून बघायला लागला, तर बाहुली शिंकली.

ते शित्झू जातीचं कुत्रं होतं. नाव बर्फी. काशम्माच्या मुलीनं बेंगळुरात हौसेनं घेतलेलं. मुलीला कंपनीनं दोन महिन्यांसाठी परदेशी पाठवलं म्हणून ते आईकडं आलं, त्या दोन महिन्यांना आता चार वर्षं होत आली होती. मुलगी परत आली, पण कुत्रं परत गेलं नाही, कारण तोवर ते काशम्माच्या उशीवर झोपायला लागलं होतं.

बिरप्पानं कुत्री पाहिली होती ती मेंढरांमागची. उंच, पोट खपाटीला गेलेली, रानात लांडग्याच्या अंगावर जाणारी. त्यानं सरळ चौकशी केली, की ही राखण करती का? नाही. उंदीर धरती का? उंदराला भिती. मग करती तरी काय?

काशम्मानं बराच विचार केला आणि म्हणाली, "बसती."

एप्रिल आला. सोलापूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तिथं हे तर गरम कपड्यांचं गाठोडं. काशम्माची त्याच सुमाराला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि महिनाभर तिला बर्फीचे केस विंचरता आले नाहीत. तेवढ्या महिन्यात केसांचा गुंता झाला, गुंत्याच्या गाठी झाल्या आणि गाठींचा मिळून लोकरीच्या जाड चटईसारखा नमदा झाला. बर्फी दिवसभर फरशीवर पोट टेकून धापा टाकायची. जेवण सोडलं. कानाला हात लावला की किंचाळायची. शहरात अशा कुत्र्यांचे केस कापणारी दुकानं होती, काशम्मा दोन ठिकाणी जाऊन आली. पहिल्या ठिकाणी मशीनचा आवाज ऐकून बर्फीनं कापणाऱ्याचा अंगठा धरला. दुसऱ्या ठिकाणी तिनं मशीन चालू व्हायचीही वाट बघितली नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, भूल देऊन कापता येईल, पण चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलीचा धोका थोडा जास्तच असतो, विचार करून सांगा. काशम्मानं नोकरीत भूल दिलेली पुष्कळ माणसं पाहिली होती. ती विचार करत राहिली आणि दारात बसून पदरानं डोळे पुसत राहिली. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांनी रडू नये हे तिला कळत होतं, पण इलाज नव्हता.

बिरप्पा दोन दिवस हे बघत होता. तिसऱ्या दिवशी तो उठला, पलंगाखालची कातर काढली, गॅलरीत बसून तिला दगडावर धार लावली आणि समोरचं दार वाजवलं.

रविवार होता, कुमार घरात होता. त्यानं बापाला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात समजावलं, की आबा, ही मेंढरं न्हायत, लोकांनी लाखमोलानं जपलेली जनावरं हायत, काही झालं तर आपल्याला या बिल्डिंगीत राहायचं हाय.

"केस हायत की," बिरप्पा म्हणाला. "मग झालं."

काशम्मानं त्या कातरीकडं बघितलं. वीतभर पात्यांची काळी कातर, मुठी वापरून गुळगुळीत झालेल्या. तिनं विचारलं, "अण्णा, रक्त येईल का?"

"येईल," बिरप्पा म्हणाला. "पर माझं. कातडी आनि पात्याच्या मधी माझं बोट असतंय. आधी त्ये कापंल."

नर्सला हे उत्तर पटलं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बिरप्पानं घोंगडं अंथरलं. मेंढरू धरायची एक रीत असते. त्याला बुडावर बसवायचं, पाठ आपल्या पोटाला टेकवायची, चारही पाय हवेत. पाय जमिनीला लागत नाहीत तोवर मेंढराला पळायचं सुचत नाही. बिरप्पानं बर्फीला तसंच गुडघ्यांच्या मध्ये बसवलं. आयुष्यात बर्फीला अशा प्रकारे कुणी बसवलं नव्हतं. तिनं चावायचं की ओरडायचं याचा विचार केला, तेवढ्यात बिरप्पा तोंडातल्या तोंडात तो मेंढरांशी बोलायचा तसला आवाज काढायला लागला, ना गाणं ना बोलणं, नुसतं "हर्र हर्र" असं काहीतरी. मशीन नव्हतं, घरघर नव्हती. कातरीची फक्त चिकचिक. दहा मिनिटांनी बर्फीचं डोकं एका बाजूला कललं आणि ती घोरायला लागली.

दीड तास लागला. नमदा इतका घट्ट झाला होता, की तो पोटापासून पाठीपर्यंत एकसंध सुटून आला. बिरप्पानं तो सवयीनं नीट पसरून ठेवला. काशम्मा जिन्यातून वर आली तेव्हा घोंगड्यावर एक गुबगुबीत बर्फी पडलेली होती आणि शेजारी एक बारीक, गुलाबी, उंदरासारखं काहीतरी उभं होतं. ती आधी पडलेलीकडं धावली.

"अक्का, ती कातडी न्हवं, लोकर हाय. बर्फी ही," बिरप्पा म्हणाला आणि मूठ उघडून दाखवली. उजव्या कानामागून, गाठीच्या खाली, फुगलेल्या चार गोचिडी निघाल्या होत्या. तिथं केवढी तरी जखम झाली होती. त्यानं त्या गोचिडी अलगद उपटून काढल्या होत्या आणि जखम स्वच्छ केली होती. पुढचं मलम-औषध काशम्मानं डॉक्टरांना विचारून आणलं.

त्या संध्याकाळी मुलीचा बेंगळुराहून व्हिडिओ कॉल आला. काशम्मानं फोन बर्फीसमोर धरला. मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, की हे कुणाचं कुत्रं आलंय आणि आपली बर्फी कुठाय? खरं कळल्यावर ती जे बोलली ते कानडीत होतं, पण भिंतीपलीकडं बिरप्पाला सगळं समजलं. रात्री तो जेवला नाही. आपण एका बाईचं खेळणं मोडून ठेवलं असं त्याला वाटत राहिलं.

सकाळी दार उघडलं तर समोर बर्फी उभी. तिनं रात्री दोन वाट्या भात खाल्ला होता, बऱ्याच दिवसांनी. ती बिरप्पाकडं बघून एकदा भुंकली, जिन्यानं खाली पळाली, वर आली, परत खाली पळाली. तिला पळता येतं हे बिल्डिंगीत कुणालाच माहीत नव्हतं.

महिन्या-दीड महिन्यात केस बोटभर वाढले आणि बर्फी पुन्हा खेळण्यासारखी दिसायला लागली, ते बघून मुलीनंच फोटो कुठंतरी टाकला. खाली लिहिलं, की मशीन नाही, भूल नाही, आमच्या समोरचे अण्णा हातानं कापतात. मग लोक यायला लागले.

बिरप्पाला वाटलं होतं, बर्फी हे एकच असलं चमत्कारिक जनावर सोलापुरात असेल. निघाली गल्लोगल्ली. एकाचं ल्हासा, कान जमिनीला लागणारं. एकाचं माल्टीज, कापसाच्या बोंडासारखं. कुणी पिशवीत घालून आणायचं, कुणी लहान मुलांच्या बाबागाडीत. आपापल्या घरात ती दवाखान्याचं नाव काढलं की पलंगाखाली शिरायची, आणि इथं गच्चीवर बिरप्पाच्या गुडघ्यात पाय वर करून झोपायची. ऋतुजानं रविवारच्या वेळा लिहून ठेवायची वही केली. चेहऱ्यासाठी आणि पंजांसाठी बारीक, बोथट टोकाच्या कात्र्या तिनंच आणून दिल्या. पैसे घ्यायला बिरप्पा तयार नव्हता, वाडीत कातरकऱ्याला जेवण घालायची रीत होती. त्यामुळं पहिले काही रविवार गच्चीवर एवढे डबे जमले, की बिल्डिंगीच्या वॉचमननं घरचा डबा आणणं सोडलं. शेवटी ऋतुजानं त्या रीतीला हात जोडले आणि व्यवहार आपल्याकडं घेतला.

मग पायल आली. दातांची डॉक्टर, तिशीच्या आतली, हातात चॉकलेटी रंगाचं, कुरळ्या केसांचं टॉय पूडल, नाव कॉफी. तिनं सांगितलं, "काका, टेडीकट करायचा."

"म्हंजी कसा?"

"टेडी बेअरसारखा. गोल तोंड, गोल पाय."

बिरप्पानं टेडी बेअर नावाचं जनावर पाहिलं नव्हतं. पायल फोनमध्ये चित्र दाखवायला लागली, पण चित्रावरून त्याला अंदाज येईना. मागची बाजू कशी असते, पोटाखाली केस किती, शेपटी असते का? त्यानं ऋतुजाला हाक मारून विचारलं, की असलं काही बघायला मिळंल का.

ऋतुजा खाली गेली आणि बऱ्याच वेळानं साडीच्या पिशवीत बांधलेलं एक गुलाबी अस्वल घेऊन आली. लग्नातल्या शालूंच्या खाली, कपाटाच्या तळाला ठेवलेलं. त्याच्या छातीवर मखमलीचं लाल हृदय शिवलं होतं आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

बिरप्पानं ते मांडीवर घेतलं. एखादं मेंढरू विकत घेताना बघावं तसं सगळीकडून चाचपलं. पाय दाबले. "ह्याला गुडघंच न्हायत," तो म्हणाला. मग विचारलं, "कुणाचं हे?"

"माझंच. जुनं आहे."

"किती जुनं?"

ऋतुजानं पायलकडं बघितलं, पाण्याच्या टाकीकडं बघितलं. "लग्नाच्या आधीचं. ह्यांनी दिलेलं."

बिरप्पा थांबला. हे स्थळ त्यानं स्वतः जमवलं होतं. मंगळवेढ्याच्या सोयऱ्याकडून माहिती काढली होती, तीन वेळा एसटीनं जाऊन आला होता, मुलगा नको-नको म्हणत असताना त्याला राजी केलं होतं, आणि मुलगी बघायच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांकडं मान वर करूनही बघितलं नव्हतं म्हणून पाहुण्यांत दोघांच्या संस्काराचं कौतुक सांगितलं होतं. त्यानं अस्वल समोर टाकीच्या कठड्यावर बसवलं आणि कातर उचलली. कापता कापता त्याच्या मिशा हलत होत्या.

कापून झालं तेव्हा कॉफी खरोखरच अस्वल झाली. गोल तोंड, खांबासारखे गोल पाय, गुडघे नाहीसे. पायल खुळ्यासारखी फोटो काढत सुटली, आणि तिसऱ्या फोटोला तिच्या लक्षात आलं, की कॉफीचा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे. गुलाबी अस्वलाचा डावा कान कधीतरी शिवण उसवून आत दुमडला होता. बिरप्पानं समोर जसं दिसलं तसं इमानानं उतरवलं होतं.

ऋतुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायलनं दोन्ही कान बघितले, कॉफीनं मान तिरकी केली, आणि पायल हसत सुटली. कान महिन्याभरात वाढला, पण तोवर तिच्या दवाखान्यात दात दाखवायला आलेल्या प्रत्येकाला त्या कानाची गोष्ट ऐकावी लागली, तीसुद्धा तोंड उघडं ठेवून.

रात्री जेवताना बिरप्पानं कुमारला सहज विचारलं, "ती मंगळवेढ्याची एसटी, मी तीनदा गेलो व्हतो ती. तू किती वेळा?"

कुमारनं ताटातून मान वर केली नाही. ऋतुजानं त्याला आमटी वाढली, मागितलेली नसताना.

सगळीच गिऱ्हाइकं अशी गोड नव्हती. शहाजीराव म्हणून एक ट्रकवाले होते, दाराशी आठ गाड्या. त्यांचं पॉमेरेनियन केशरी रंगाचं, पिंजून फुलवलेल्या कापसासारखं, आणि त्यांना त्याचा सिंह करून पाहिजे होता. मानेवर आयाळ, बाकी अंग भादरलेलं. बिरप्पानं त्या कुत्र्याच्या अंगात बोटं खुपसली, केस फुंकून बाजूला केले आणि नुसता कंगवा हातात घेतला.

"ह्ये कातरायचं न्हाय," तो म्हणाला. "ह्याच्या अंगावर दोन घोंगडी हायत. वरचं राठ, खालचं मऊ. शेळीला असतंय तसं. वरचं ऊन अडवतंय. त्ये काढलं तर परत सरळ येईल का न्हाय, मला खात्री न्हाय."

शहाजीरावांना नाही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी आवाज चढवला, की मी सांगतोय ते करायचं, तू कोण डॉक्टर लागून गेलास? बिरप्पानं कुत्र्याला विंचरून, गळलेले केस काढून, मालकाच्या हातात दिलं आणि पुढच्याला बोलावलं. शहाजीराव तणतणत गेले ते सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडं, तक्रार सांगायला. डॉक्टरांनी सांगितलं, की तो म्हातारा बरोबर बोलतोय, या जातीचं असं अंग भादरलं तर काही वेळा केस नीट येतच नाहीत. पुढच्या रविवारी शहाजीराव ओळीत शेवटी उभे होते. सिंहाचा विषय कुणी काढला नाही.

एवढं सगळं होत असताना बिरप्पानं एक गोष्ट सांभाळली होती. वाडीला यातलं काही कळू दिलं नव्हतं. निंगप्पाचा फोन आला की तो गुडघ्याचं सांगायचा, हवापाण्याचं विचारायचा, कुठली मेंढी व्याली ते ऐकायचा. मागं एखादं कुत्रं भुंकलं तर म्हणायचा, रस्त्यावरचं हाय. पाच गावांतला मानाचा कातरकरी शहरात बायकांच्या मांडीवरची कुत्री भादरतो, हे वाडीच्या पारावर कसं बोललं जाईल, ते त्याला ऐकू यायचं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी निंगप्पा न कळवता आला. डोळे तपासायला म्हणून तालुक्याहून सोलापुरात आला होता. घरात कुणी नाही, वर गच्चीवर आहेत असं वॉचमननं सांगितलं. तो पटका सावरत वर आला, तर भाऊ घोंगड्यावर बसलेला, गुडघ्यात पांढरं माल्टीज, त्याच्या डोक्यावर गुलाबी रिबीन, भोवती सहा-सात माणसं आपापली कुत्री घेऊन बसलेली, आणि एक बाई म्हणत होती, "अण्णा, गालावर जरा गोल ठेवा हं."

बिरप्पाचा हात थांबला. निंगप्पा टाकीच्या कडेला जाऊन पाठ करून बसला. कसंबसं ते माल्टीज पुरं करून बिरप्पा त्याच्याजवळ गेला. काशम्मानं जाणून बाकीच्यांना चहाला खाली नेलं.

"मेंढरं माझ्या गळ्यात घालून तू हितं कुत्री भादरतुस व्हय, दादा?" निंगप्पा म्हणाला. आवाजात राग कमी होता, दुसरंच काही होतं. "मला वाटलं तुझ्यानं काम हुईना म्हणून तू गेलास. मी वाडीत सांगतुय, आमच्या दादाचं हात थकलं."

लाज वाटेल, हसतील, असं सगळं बिरप्पानं धरलं होतं. भाऊ आपल्यासाठी वाईट वाटून घेत असेल, हे धरलं नव्हतं.

"गुडघा थकला रं," तो शेवटी म्हणाला. "हात न्हाय थकलं. रिकामं बसवंना. म्हणून हे."

"मग सांगायचं न्हाय?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो की," निंगप्पा म्हणाला. "हसाय काय, पैसं पडत्यात?"

घोंगड्यावर बर्फी येऊन पसरली होती, तिची पाळी होती त्या दिवशी. निंगप्पा तिच्याकडं बघत होता. मग माल्टीज गेलं त्या जिन्याकडं बघत म्हणाला, "त्या पांढऱ्याच्या मागच्या मांडीवर पायरी ऱ्हायली."

"कुटं? पायरी न्हाय ती, त्याचा भोवराच तसा हाय."

"पायरी हाय. मी हितनं बगितली."

"मग तू करून दाव," म्हणून बिरप्पानं कातर त्याच्यापुढं सरकवली.

चहा पिऊन माणसं वर आली तेव्हा एकाऐवजी दोन पटकेवाले बसलेले होते. निंगप्पानं बर्फीला बुडावर बसवलं होतं, तोच "हर्र हर्र" चालू होता, आणि बर्फी घोरत होती. त्यानं ती बिरप्पाच्या निम्म्या वेळात कातरली. पाठीवर तीन पायऱ्या पडल्या. काशम्मानं त्या बघितल्या, पण पाहुण्याला काही म्हणाली नाही. बिरप्पानं मात्र त्या तिन्ही पायऱ्यांवरून भावाचं बोट धरून फिरवलं.

वाडीत ही बातमी निंगप्पानंच नेली आणि जाताना वाटेत तिला चांगलं खतपाणी घालून वाढवली. पारावर त्यानं सांगितलं, की दादाकडं सोलापूरचे डॉक्टर, वकील, आठ-आठ ट्रकांचे मालक ओळीत उभे राहतात. कुत्री कशी आहेत ते कुणाला पटेना. कापसाची, म्हणाला. डोळे शिवलेले. वरून बटण दाबल्यासारखी भुंकतात. शेवटी लोकांनी सांगितलं, एखादं आणून दाव.

म्हणून दिवाळीनंतर, वाडीतली लोकर कातरायची वेळ झाली तेव्हा, कुमारच्या गाडीतून बिरप्पा, काशम्मा आणि बर्फी निघाले. काशम्मानं मेंढ्यांचा कळप आजवर फक्त रस्त्यावर गाडी अडवून उभा असलेला पाहिला होता. बिरप्पा दोन दिवस खाटेला टेकून बसून मेंढरं कातरत होता, पोरं धरून आणून देत होती. पंचवीस झाली, मग गुडघ्यानं थांबवलं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी बर्फीला हात लावून खात्री केली, की ती जिवंत आहे. राखणीचा मोठा काळा कुत्रा तिच्याभोवती दोनदा फिरला, तिला हुंगलं आणि काय समजायचं ते न समजून लांब जाऊन बसला. बर्फी मात्र कोकरांमध्ये रमली. त्यांनी उड्या मारल्या की ही मारायची, ती आईकडं पळाली की हीही कुणाच्या तरी आईकडं पळायची. धुळीत लोळून तिचा रंगही कोकरांचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत निंगप्पानं कोकरं जाळीच्या आत घेतली आणि रोजच्यासारखी मोजली. मोजून तो थांबला. डोक्यावरचा पटका मागं सारला आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"एकोणीस," तो स्वतःशीच म्हणाला. "अठराच पायजेत की. कुणाचं आलं ह्ये?"

काशम्मा चुलीपाशी भाकरी शेकत होती, तिचं लक्ष नव्हतं. खाटेवरून बिरप्पाला जाळीच्या कोपऱ्यातली लाल रिबीन स्वच्छ दिसत होती. त्यानं गुडघ्यावर हात फिरवला, मिशीवर फिरवला, आणि गप्प राहिला. निंगप्पानं बोटावर थुंकी लावली आणि तिसऱ्यांदा मोजायला घेतलं.